स्वतः लिहिणारी यंत्रे : चार्ल्स बॅबेज यांचे चरित्र

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपले लक्ष बहुधा त्यांनी मिळविलेल्या यशाकडेच जाते. परंतु काही पुरुष असे होऊन गेले की, त्यांच्या यशापेक्षा त्यांच्या अपयशानेच जगाला अधिक दिले. इंग्लंडातील गणिती चार्ल्स बॅबेज हे अशांपैकी एक होत. आज घरोघरी व शाळाशाळांतून संगणक दिसतो. त्याच्या इतिहासाच्या पहिल्या पानावर बॅबेज यांचे नाव असते. तथापि ज्या यंत्रांमुळे ते अजरामर झाले, त्यांपैकी एकही मोठे यंत्र त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही.

याच बॅबेज यांनी आगगाडीच्या एका डब्यात एक आगळे साधन मात्र पूर्णत्वास नेले होते. एकाच वेळी अनेक गोष्टींचे आलेख आपोआप काढावयाचे आणि ते कागदावर कायमचे जपून ठेवावयाचे, हे त्या साधनाचे काम. मोठ्या यंत्रांच्या गोष्टीपुढे ही लहान गोष्ट झाकली जाते. म्हणून बॅबेज यांचे चरित्र सांगताना ती येथे थोड्या विस्ताराने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

बॅबेज यांचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडन येथे झाला. वडील सधन सावकारी पेढीवाले होते. त्यामुळे पोटाची विवंचना चार्ल्सला कधी करावी लागली नाही. लहानपणी प्रकृती नाजूक होती, पण जिज्ञासा मोठी. नवे खेळणे हाती आले की त्याच्या पोटात काय आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न असे. आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास ते खेळणे बहुधा मोडले जाई. एकदा आईबरोबर ते यंत्रांचे एक प्रदर्शन पाहावयास गेले. तेथील कारागिराने त्यांना माडीवरील आपल्या कारखान्यात नेऊन चांदीची एक नाचणारी बाहुली दाखविली. यंत्राच्या योगाने ती निरनिराळे हावभाव करी. या बाहुलीचा ठसा बालमनावर असा उमटला की, पुढे अनेक वर्षांनी ती लिलावात निघाली तेव्हा बॅबेज यांनी ती विकत घेतली, स्वतः दुरुस्त केली आणि आपल्या दिवाणखान्यात मांडली.

१८१० साली ते केंब्रिज विद्यापीठात दाखल झाले. गणिताचा एवढा अभ्यास त्यांनी घरीच करून ठेवला होता की, गुरुजनांना त्यांच्या शंकांची उत्तरे देता येईनात. युरोपखंडात गणित फार पुढे गेले होते आणि इंग्लंड मात्र न्यूटनच्या काळातील जुन्या चिन्हपद्धतीला चिकटून बसले होते. ही पद्धत बदलावी म्हणून बॅबेज, जॉन हर्शेल व जॉर्ज पीकॉक या तरुण मित्रांनी १८१२ साली एक मंडळ काढले. पुढे त्यांच्या प्रयत्नांना यश येऊन केंब्रिजमधील गणिताचे शिक्षण सुधारले. १८१४ साली बॅबेज पदवीधर झाले आणि त्याच वर्षी जॉर्जियाना व्हिटमोर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्या काळी गणिताचा मोठा आधार म्हणजे छापील कोष्टके. आपण शाळेत लॉगॅरिथमची कोष्टके वापरीत आलो, त्याच जातीची ही पुस्तके. समुद्रावरील खलाशी, ज्योतिषी, विमा कंपन्या, सैन्यातील अभियंते, सर्वांचे काम त्यांवर चाले. भर समुद्रात आपले जहाज कोठे आहे हे खलाशाने ठरवावयाचे ते चंद्र व तारे यांच्या कोष्टकांवरून. त्यातील एक अंक चुकला तर जहाज खडकावर जाण्याचा धोका. आणि चुका तर पानोपानी असत! ज्याने आकडेमोड केली त्याची एक चूक; ज्याने तिची स्वच्छ नक्कल केली त्याची दुसरी; छापखान्यात खिळे जुळविणाऱ्याची तिसरी; आणि मुद्रिते तपासणाऱ्याच्या नजरेतून निसटलेली चौथी. इतके हात लागल्यावर शुद्ध कोष्टक मिळावे तरी कसे?

१८२१ साली बॅबेज आणि हर्शेल हे दोघे ज्योतिषाची काही कोष्टके तपासीत बसले होते. दोन निरनिराळ्या गणकांनी केलेली आकडेमोड समोरासमोर ठेवून ताडून पाहण्याचे ते काम होते. जागोजागी तफावत निघू लागली. त्या वैतागात बॅबेज यांच्या मनात आले की, हे गणित वाफेच्या शक्तीने चालणाऱ्या यंत्राकडून करून घेता आले तर किती बरे होईल! हा विचार तेथेच विरून गेला नाही. पुढील पन्नास वर्षे त्याने त्यांची पाठ सोडली नाही.

यंत्र गणित करील कसे, हे समजावून घेण्यास फार विद्वत्ता लागत नाही. १, ४, ९, १६, २५ आणि ३६ हे क्रमाने घेतलेले वर्ग पाहा. लगतच्या संख्यांमधील फरक ३, ५, ७, ९ व ११ असे येतात. आता या फरकांमधील फरक घ्या. तो प्रत्येक वेळी २ येतो. म्हणजे पुढील वर्ग काढण्यासाठी गुणाकाराची गरजच नाही. ११ मध्ये २ मिळवा, १३ झाले. ३६ मध्ये १३ मिळवा, ४९ झाले. आणि ४९ हा ७ चा वर्ग होय. कोष्टकांतील पुष्कळशा संख्या अशा केवळ बेरजांनी काढता येतात, आणि बेरीज करण्याचे काम दातेरी चाकांना शिकविता येते. यावरूनच या यंत्राला फरकयंत्र असे नाव पडले.

परंतु बॅबेज यांची खरी दूरदृष्टी याच्याही पुढची होती. यंत्राने बिनचूक उत्तर काढले आणि ते माणसाने वहीत उतरून घेतले, तर पुन्हा चुकीला वाट मोकळीच. म्हणून यंत्राने स्वतःच त्या अंकांचे ठसे मऊ पदार्थाच्या पाटीवर उमटवावेत, त्या पाटीवरून छपाईचा धातूचा साचा ओतावा, आणि उत्तर निघाल्यापासून पुस्तक छापून होईपर्यंत मध्ये माणसाचा हात लागूच नये, अशी त्यांची योजना होती. करणे आणि करून ठेवलेले जपणे, ही दोन्ही कामे एकाच यंत्राकडे असली पाहिजेत, हा त्यांच्या साऱ्या आयुष्यातील मुख्य विचार म्हणावयास हरकत नाही.

१८२२ साली त्यांनी एक लहान नमुना तयार करून विद्वानांना दाखविला. १८२३ साली सरकारने १,५०० पौंडांची पहिली रक्कम मंजूर केली, आणि जोसेफ क्लेमेंट नावाच्या अत्यंत कुशल कारागिराच्या हाताखाली काम सुरू झाले. योजलेल्या यंत्रात सुमारे २५,००० भाग असावयाचे होते. एकमेकांशी तंतोतंत जुळणारे असे भाग त्या काळी कोणी केलेच नव्हते. त्यामुळे भाग करण्यापूर्वी ते करण्याची हत्यारेच आधी घडवावी लागत.

याच सुमारास बॅबेज यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. १८२७ या एकाच वर्षी वडील, पत्नी आणि मुले यांचा वियोग त्यांना सोसावा लागला. आठ अपत्यांपैकी बरीचशी त्यांनी लहानपणीच गमावली. मित्रांच्या आग्रहावरून ते युरोपच्या प्रवासास निघून गेले. प्रवासात असतानाच केंब्रिज येथील गणिताच्या प्राध्यापकपदी, एके काळी न्यूटनने भूषविलेल्या आसनावर, त्यांची नेमणूक झाली. १८२८ पासून १८३९ पर्यंत ते पद त्यांच्याकडे होते.

परत आल्यावर ते पुन्हा कामास लागले. त्यांच्या बारीक नजरेचा एक मासला येथे सांगण्याजोगा आहे. कोष्टक बिनचूक असले तरी वाचताना डोळे शिणले तर वाचणारा चुकणारच. तेव्हा कोणत्या रंगाचा कागद व कोणत्या रंगाची शाई डोळ्यांना सुखावह होते हे पाहण्यासाठी त्यांनी १८३१ साली १५१ निरनिराळ्या छटांच्या कागदांवर, वेगवेगळ्या रंगांच्या शायांनी, कोष्टकांचे नमुने छापविले. त्या संग्रहाचे २१ खंड झाले, आणि त्यांची प्रत काढली अवघी एक! अंक काढणे, अंक छापणे आणि अंक वाचणे, या तिन्ही टप्प्यांवर त्यांचे सारखेच लक्ष होते.

१८३२ साली फरकयंत्राचा एक लहानसा भाग जुळवून तयार झाला. तो उत्तम चालला. आजही तो लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. परंतु पुढील वर्षी पैशावरून बॅबेज व क्लेमेंट यांचे बिनसले आणि काम थांबले. इकडे बॅबेज यांच्या मनात १८३४ पासून त्याहून मोठ्या यंत्राची कल्पना घोळू लागली. फरकयंत्र एकाच रीतीचे गणित करणार. हे नवे विश्लेषक यंत्र हुकूम द्यावा तसे कोणतेही गणित करणार होते. हुकूम द्यावयाचे ते छिद्रे पाडलेल्या पत्त्यांनी. फ्रान्समध्ये झाकार याच्या मागावर रेशमी कापडात वेलबुट्टी विणण्यासाठी असे पत्ते वापरीत. त्यावरून ही युक्ती सुचली. या यंत्रात संख्या साठविण्याची एक जागा व आकडेमोड करण्याची दुसरी जागा असावयाची होती. आणि उत्तर छापून देण्याबरोबरच त्याचा आलेख काढून देण्याचीही त्यात सोय योजिली होती. एडा लव्हलेस या विदुषीने या यंत्राविषयीच्या एका फ्रेंच लेखाचे भाषांतर करून त्याला मोठ्या टिपा जोडल्या. त्या १८४३ साली प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांतील गणिताच्या क्रमवार आज्ञांचा उल्लेख आजही आदराने होतो.

आता आपण त्या आगगाडीच्या डब्याकडे वळू.

लंडनपासून पश्चिमेकडे ब्रिस्टलपर्यंत जाणारा ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा मार्ग त्या वेळी बांधला जात होता. त्याचा पहिला टप्पा जून १८३८ मध्ये खुला झाला. इझंबार्ड ब्रुनेल हा त्याचा तरुण मुख्य अभियंता. इतर बहुतेक रेल्वेंनी दोन रुळांमधील अंतर ४ फूट ८½ इंच धरले होते; ब्रुनेलने ते ७ फुटांहून किंचित अधिक ठेविले. रुंद रुळांवर गाडी अधिक वेगाने व अधिक स्थिरपणे धावेल असे त्याचे म्हणणे. पण मार्ग नवा होता, धक्के बसत होते आणि प्रवासी कुरकुरत होते. काही भागधारकांनी तर ही रुंद मापाची उधळपट्टी बंद करावी असा आग्रह धरला. कंपनीने बाहेरचे दोन नामांकित अभियंते बोलावून त्यांचे अहवाल मागविले. लाखो पौंडांचा प्रश्न होता. आणि रूळ एकदा टाकून झाले की बदलणे किती कष्टाचे असते, हे बेळगाव, मडगाव व इंदूर या बाजूंच्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. मीटर मापाचे मार्ग उखडून रुंद मापाचे मार्ग घातलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहेत.

गाडीला धक्के बसतात हे सर्वांनाच मान्य होते. पण किती बसतात? कोणत्या दिशेने बसतात? वेग वाढला म्हणजे वाढतात की कमी होतात? प्रत्येक प्रवासी आपापल्या अनुभवाने सांगणार. एकाचे दुसऱ्याशी जुळणार नाही. बॅबेज यांनी ठरविले की माणसांना विचारावयाचेच नाही. गाडीनेच आपली हकीकत आपल्या हाताने लिहून द्यावी.

कंपनीने त्यांना एक इंजीन व दुसऱ्या वर्गाचा एक डबा दिला. त्यांनी डब्याच्या आतील सर्व सामान काढून टाकविले. डब्याच्या तळातून भक्कम खांब वर घेतले. ते खालच्या सांगाड्याला घट्ट बसविले आणि त्यांवर एक लांब मेज उभारले. डबा कसाही हेलकावला तरी त्याचा मेजाला स्पर्श नाही, अशी ती रचना होती. या मेजावरून कागदाची लांबलचक गुंडाळी हळूहळू सरकत जाई. एकेका कागदाची लांबी १,००० फूट! कागदावर शाईच्या अनेक लेखण्या टेकलेल्या असत, आणि गाडी चालू झाली की प्रत्येक लेखणी आपापली रेघ काढू लागे.

एक लेखणी इंजीन किती जोराने ओढते ते दाखवी. दुसरी डब्याच्या मध्यभागी बसणारे खालीवर धक्के टिपी, तिसरी आडवे धक्के, चौथी पुढेमागे बसणारे धक्के. डब्याच्या टोकाशी बसणाऱ्या अशाच तीन प्रकारच्या धक्क्यांसाठी आणखी तीन लेखण्या. मार्ग कसा वळत जातो, त्याची वक्र रेघ आठवी लेखणी काढी. आणि या सर्वांच्या जोडीला एक घड्याळ दर अर्ध्या सेकंदाला त्याच कागदावर खूण करीत असे.

विद्यार्थिमित्रांनो, या शेवटच्या खुणेचे महत्त्व नीट ध्यानात घ्यावे. निरनिराळ्या नऊ वह्यांत नऊ नोंदी ठेविल्या असत्या तर त्यांचा परस्परसंबंध लावता लावता पुरेवाट झाली असती. येथे सर्व रेघा एकाच कागदावर, एकाच वेळेच्या खुणांना धरून चाललेल्या. वळण आले त्या क्षणी आडवा धक्का किती वाढला, ओढ कमी झाली तेव्हा डबा स्थिर झाला की नाही, हे कागद उलगडून नुसते पाहिले तरी कळे. संख्यांचा आलेख काढणे ही काही त्या काळी नवी गोष्ट नव्हती. विल्यम प्लेफेअर याने १७८६ सालीच व्यापाराच्या आकड्यांचे आलेख छापून प्रसिद्ध केले होते. आणि १७९६ साली जेम्स वॉट यांचे सहकारी जॉन सदर्न यांनी इंजिनातील वाफेच्या दाबाची रेघ पेन्सिलीने आपोआप निघेल अशी योजना केली होती. पण इतक्या निरनिराळ्या राशींचे आलेख एकाच वेळी, धावत्या गाडीत, आपोआप काढून ठेवण्याचे काम बॅबेज यांनी करून दाखविले. अशा रीतीने सुमारे दोन मैल लांबीचा कागद रेघांनी भरला. या खटाटोपात स्वतःच्या खिशातून सुमारे ३०० पौंड त्यांनी खर्च केले.

काम जिवावर बेतण्यासारखेही होते. एका रविवारी लोखंडाने भरलेल्या वाघिणी जोडून बॅबेज प्रयोगास निघण्याच्या तयारीत होते. आज मार्गावर दुसरी गाडी नाही, कोणत्याही रुळावरून खुशाल जा, असे तेथील अधिकाऱ्याने त्यांना सांगितले. वाफ तयार होण्याची वाट पाहत असता बॅबेज यांच्या तीक्ष्ण कानांना दुरून इंजिनाचा आवाज ऐकू आला. अधिकारी म्हणे, हे शक्यच नाही. पण थोड्याच वेळात एक एकटे इंजीन धडधडत आले, आणि धुराने काळवंडलेला ब्रुनेल त्यातून उतरला! त्याला दुसरे वाहन न मिळाल्याने तो ते इंजीन घेऊन ताशी ५० मैलांच्या वेगाने आला होता, आणि बॅबेज ज्या रुळांवरून निघणार होते त्याच रुळांवरून. पाचच मिनिटे आधी बॅबेज निघाले असते तर दोघांच्याही चरित्राचा शेवट तेथेच झाला असता.

जानेवारी १८३९ मध्ये लंडन येथे भागधारकांची मोठी सभा भरली. बॅबेज यांनी तीत आपल्या प्रयोगांच्या आधारे रुंद मापाच्या बाजूने भाषण केले, आणि सभेने ब्रुनेलची योजना कायम ठेविली. तथापि कागदावरील रेघा कितीही सत्य सांगोत, व्यवहारात इतरही बळे असतात. अरुंद मापाचे रूळ देशात फार दूरवर पसरले होते. दोन मापे जेथे भेटत तेथे सारा माल एका गाडीतून काढून दुसरीत भरावा लागे. शेवटी १८९२ साली इंग्लंडातील ते सात फुटी माप कायमचे बंद झाले. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली ती ५½ फुटी रुळांवरून; म्हणजे त्या दोन्ही मापांच्या मधले माप येथे आले.

या प्रयोगांतून बॅबेज यांना सुचलेली एक गोष्ट मात्र मापापेक्षाही टिकाऊ ठरली. प्रत्येक इंजिनावर आपला वेग क्षणोक्षणी आपोआप लिहून ठेवणारे साधन असावे, म्हणजे अपघात झाल्यास साक्षीदारांच्या उलटसुलट जबान्यांवर अवलंबून राहावे लागणार नाही, असे मत त्यांनी १८६४ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात मांडले आहे. आज विमान कोसळले की प्रथम त्यातील नोंदयंत्राचा शोध सुरू होतो. त्यात शेकडो राशींच्या नोंदी एकाच वेळेला धरून आपोआप साठविलेल्या असतात. त्या डब्यातील लेखण्यांचेच ते आजचे रूप होय.

मोठ्या यंत्राच्या नशिबी मात्र हे भाग्य नव्हते. सरकारचे सुमारे १७,००० पौंड खर्च होऊनही फरकयंत्र पुरे होईना, आणि बॅबेज तर नव्या यंत्राच्या गोष्टी बोलू लागलेले. १८४२ साली सरकारने मदत कायमची थांबविली. दोष केवळ सरकारचा होता असे आम्हांस वाटत नाही. बॅबेज यांना अर्धे झालेले काम तसेच पुढे रेटण्यापेक्षा अधिक चांगली कल्पना सुचली की तिच्यामागे जाण्याची ओढ फार. शिवाय स्वभाव तापट. विरोधकाला समजावून घेण्यापेक्षा त्याला निरुत्तर करण्यात त्यांना अधिक समाधान वाटे. उतारवयात रस्त्यावर वाद्ये वाजवीत फिरणाऱ्यांशी त्यांनी असे हाडवैर धरले की, लोक मुद्दाम त्यांच्या खिडकीखाली येऊन गोंगाट करीत.

त्यांच्या दिवाणखान्यातील एक प्रसंग ते स्वतःच खेदाने सांगत. एका खोलीत ती चांदीची बाहुली नाचत असे, शेजारच्या खोलीत फरकयंत्राचा तुकडा मांडलेला असे. पाहुण्यांची गर्दी असे ती बाहुलीभोवती.

तरीही त्यांचे मन लहान नव्हते. स्वीडनमधील शॉइट्झ पितापुत्रांनी बॅबेज यांच्या कल्पनेवरून १८५३ साली एक फरकयंत्र पुरे केले. जे आपणास साधले नाही ते दुसऱ्याने साधले म्हणून बॅबेज यांनी मत्सर केला नाही. उलट त्यांचा मनापासून गौरव केला. तशाच दुसऱ्या एका यंत्राचा उपयोग इंग्लंडात आयुर्मानाची कोष्टके तयार करण्याकडे झाला, व ती १८६४ साली प्रसिद्ध झाली.

१८ ऑक्टोबर १८७१ रोजी वयाच्या ७९ व्या वर्षी बॅबेज यांचे लंडन येथे निधन झाले. त्यांचा पुत्र हेन्री याने हिंदुस्थानात सैन्यात नोकरी केली होती. १८७४ साली मायदेशी परतल्यावर त्याने वडिलांचे कागद प्रसिद्ध केले आणि विश्लेषक यंत्राचा एक भागही बांधविला. पुढे लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने बॅबेज यांच्या १८४७ ते १८४९ मधील नकाशांवरून त्यांचे दुसरे फरकयंत्र प्रत्यक्ष तयार केले. १९९१ साली, त्यांच्या जन्माला २०० वर्षे झाली तेव्हा, गणिताचा भाग चालू झाला. छपाईचा भाग २००२ साली पुरा झाला. एकूण सुमारे ८,००० भागांचे व ५ टन वजनाचे ते यंत्र बिनचूक चालते. म्हणजे नकाशे खोटे नव्हते.

आजच्या विद्यार्थ्यापुढे जनगणनेचे किंवा हवामानाचे कोष्टक येते. त्यात शंभर रकाने असतात: पाऊस, उष्णता, साक्षरता, लोकसंख्या. प्रत्येक रकान्याचा आलेख हाताने काढावयाचा तर महिना जाईल. म्हणून तो संगणकाला एकदाच आज्ञा लिहून देतो की, पहिला रकाना घे, आलेख काढ, त्याला रकान्याचेच नाव देऊन साठव, आणि मग पुढच्या रकान्याकडे जा. नाव वेगळे द्यावयास विसरला तर पुढचा आलेख मागच्याला पुसून त्याच्या जागी बसतो, आणि शेवटी हाती एकच उरतो. सर्व आलेखांना एकच वेळेची पट्टी दिली नाही तर ते शेजारी ठेवून पाहता येत नाहीत. शंभर आलेख निघाले, पण उघडून एकही पाहिला नाही, तर दोन मैल कागद गुंडाळून माळ्यावर टाकल्यासारखेच. कोणत्या नऊ गोष्टी टिपावयाच्या, हे बॅबेज यांना स्वतःच ठरवावे लागले होते. लेखण्यांनी ते ठरविले नाही.

या चरित्रापासून घेण्याजोगा बोध आमच्या मते दुहेरी आहे. बॅबेज यांचे मोठे स्वप्न शंभर वर्षांनी खरे झाले, म्हणून मोठी स्वप्ने पाहावीत हे खरेच. पण ज्या कामात प्रश्न नेमका होता, साधन प्रश्नापुरतेच होते, आणि सभेची तारीख समोर उभी होती, ते काम त्यांनी पुरे केले, व ते त्यांच्याच डोळ्यांदेखत उपयोगी पडले. परीक्षेच्या, प्रयोगवहीच्या अथवा संसाराच्या कामात आपल्यापैकी बहुतेकांना असेच डब्याएवढे काम मिळणार आहे. ते पुरे करून, त्याची नोंद दुसऱ्याला वाचता येईल अशी जपून ठेवावी. मोठ्या यंत्राचे नकाशे त्याच्याच शेजारी कपाटात असू द्यावेत. ते पुढील पिढीच्या उपयोगी पडतील.